किनाऱ्याकाठचे बारा व्होल्ट : पुणे ते गणपतीपुळे, पाच दिवस

पहिला दिवस : पुणे ते हरिहरेश्वर

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दादा, आई आणि मी असे तिघे आमच्या कॅरॅव्हॅनमधून कोकणात निघालो. मोठ्या प्रवासी व्हॅनमधली आसने काढून त्या जागी दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि लहान फ्रिज बसवलेली ही गाडी आम्ही पावसाळा सरताना अलिबागच्या एका गृहस्थांकडून जुनी विकत घेतली होती. पलंगाखाली १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी, छतावर १०० वॅटची दोन सौर पॅनेल आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राकडून, बॅटरी चार्ज करणारा एक रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच), एवढीच तिची विद्युत व्यवस्था. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रिज हे सारे त्याच १२ व्होल्टवर चालते. यांतला फ्रिज आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा होता, कारण आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि आठवड्याभराचा साठा आम्ही बरोबर घेतला होता.

मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि श्रीवर्धन या वाटेने हरिहरेश्वरला पोचेपर्यंत फ्रिजचा आकडा ५ अंशांवरून हलला नाही. एका घरगुती खानावळीच्या अंगणात गाडी लावून दादाने इंजिन बंद केले आणि अर्ध्या तासात फ्रिजची घरघर थांबली. काही मिनिटांनी तो आपोआप सुरू झाला आणि पुन्हा थांबला. आईने हात धुवायला नळ सोडला, तेव्हा पंप सुरू होताच छतावरचे दिवे मंदावले आणि नळ बंद करताच पुन्हा उजळले. दिव्यांच्या त्या मंदावण्याकडे मी त्याच संध्याकाळी नीट लक्ष द्यायला हवे होते, कारण सगळ्या बिघाडाची खूण त्यातच होती.

फ्रिजच्या मागच्या कंट्रोलरवरचा लाल दिवा एकदा लुकलुके, थांबे आणि पुन्हा एकदा लुकलुके. माहितीपत्रकानुसार या एका लुकलुकण्याचा अर्थ ‘व्होल्टेज कमी’ असा होता. बॅटरी पार उतरू नये म्हणून हा कंट्रोलर १०.४ व्होल्टला कंप्रेसर बंद करतो आणि ११.७ व्होल्ट मिळाल्यावरच पुन्हा चालू करतो. मी मल्टिमीटरने थेट बॅटरीच्या टर्मिनलांवर मोजले, तर १२.४ व्होल्ट भरले. दादाचे मत पडले की बॅटरी गेली असणार आणि उद्या नवी घ्यावी. असा बिघाड झाला की दहातल्या नऊ जणांच्या मनात हेच येते आणि दुकानदारही बहुधा हेच सुचवतो. तरीही १२.४ आणि १०.४ हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हा प्रश्न सोडवल्याशिवाय आठ-दहा हजार रुपये खर्च करायला माझे मन तयार होईना. रात्री खानावळीच्या मालकीणबाईंनी इन्सुलिन त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतले आणि आम्ही गाडीतील सर्व काही बंद करून झोपलो.

दुसरा दिवस : हरिहरेश्वर, बागमांडला, वेश्वी, मुरूड

रात्रभर काहीही न चालवता सकाळी बॅटरी मोजली तेव्हा १२.४ व्होल्टच होते. इंजिन बंद केल्यावर किंवा ऊन उतरल्यावर लगेच मोजले, तर चार्जिंगचा फुगवटा आकड्यात शिल्लक राहतो; म्हणून लेड-ॲसिड बॅटरी काही तास विसावल्यावर जो आकडा दाखवते, तोच ग्राह्य धरावा. पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ आणि निम्म्यावर आलेली असेल तर साधारण १२.१. आमची बॅटरी तीन चतुर्थांश भरलेली होती आणि रात्रभरात कणभरही उतरली नव्हती. म्हणजे बॅटरीवर संशय घ्यायला निदान अजून तरी कारण नव्हते.

मग मी फ्रिजचा प्लग उपसून सॉकेटवर मोजले. तेथेही १२.४ व्होल्ट. प्लगमागचे टर्मिनल उघडे करून मल्टिमीटरच्या सुया तेथे टेकवल्या आणि दादाला फ्रिज चालू करायला सांगितले. कंप्रेसर सुरू होताच आकडा १०.३ वर कोसळला, काही क्षणांत कंप्रेसर थांबला आणि आकडा पुन्हा १२.४ झाला. त्याच कसोटीच्या दुसऱ्या फेरीत बॅटरीवर मोजले, तेव्हा तेथे १२.३ होते. फ्रिज सुमारे ५ अँपिअर ओढत होता आणि त्या ओढीत वाटेवर कुठेतरी दोन व्होल्ट गळत होते.

आईने विचारले, “अगं, मघाशी तर पूर्ण आकडा दिसत होता ना?” तिला मी गावच्या घराच्या पाण्याचे उदाहरण दिले. टाकी काठोकाठ भरलेली आहे, पण पाइपात गाळ साचला आहे. नळ बंद असेपर्यंत तोटीपाशी दाब पुरता असतो, पण नळ सोडला की करंगळीएवढीच धार येते. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या, एका तारेवर लटकलेल्या सांध्यापलीकडेही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कमी व्होल्टेजची तक्रार असेल, तर उपकरण चालू ठेवून, उपकरणापाशीच मोजावे. बिनभाराच्या आकड्यावर विसंबून कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेल्या असतील.

फ्रिजकडे जाणारी वायर मी पलंगाखालून मोकळी केली. ती घरात दिव्यांच्या बटणांना वापरतात तसली दीड चौरस मिलिमीटरची होती आणि बॅटरीपासून फ्रिजपर्यंतची लांबी भरली सहा मीटर. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम विरोध असतो. त्या हिशेबाने या सहा मीटरमध्ये ०.०७ ओहम, म्हणजे ५ अँपिअरला ०.३५ व्होल्टची घट. घरातल्या २३० व्होल्टमधून एवढी घट झाली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. १२ व्होल्टमध्ये मात्र तेवढ्यानेही फरक पडतो. शिवाय तितक्याच वॅटच्या उपकरणाला १२ व्होल्टवर सुमारे एकोणीसपट प्रवाह लागतो, त्यामुळे घरगुती वायरिंगची सवय असलेल्या माणसाचा जाडीचा अंदाज इथे हमखास चुकतो.

त्या वायरवरचा फ्यूज पाहून मात्र माझ्या अंगावर काटा आला. त्या जागी हिरवा, म्हणजे ३० अँपिअरचा फ्यूज होता. आधीचा लहान फ्यूज कधीतरी उडाला असावा आणि कोणीतरी कारण न शोधता मोठा बसवला असावा. फ्यूज असतो तो वायरला जपण्यासाठी. दीड चौरस मिलिमीटरची वायर लाकडी पलंगाखाली, गादीपासून वीतभर अंतरावर घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली, तर असा फ्यूज वितळण्याआधी वायरच तापून पेट घेऊ शकते. तो फ्यूज मी तत्काळ काढला आणि निळा, १५ अँपिअरचा घातला.

मग मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी, लांब वायरीने जोडून, फ्रिजच्या प्लसवर ठेवली आणि फ्रिज चालवला. या पद्धतीत मीटर त्या वाटेवर नेमकी किती घट होते तेच दाखवतो. आकडा आला ०.४५ व्होल्ट. मायनसच्या बाजूलाही तेवढीच घट असेल असे मी गृहीत धरले. दोन्ही मिळून ०.९ झाले, गळत होते दोन व्होल्ट. उरलेली तफावत फ्यूजच्या जुन्या खाचेत असावी, असे म्हणून मी वही मिटली. हिशेब जुळत नव्हता आणि तरीही मी तो जुळवून घेतला. त्या चुकीने आमचा पुरा एक दिवस खाल्ला.

बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो आणि केळशी, आंजर्ले, हर्णै असे किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूडला पोचलो. इन्सुलिन आता रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये होते. कुप्या फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या पिशवीपासून पुठ्ठ्याने वेगळ्या ठेवल्या होत्या, कारण इन्सुलिन एकदा गोठले की ते वापरता येत नाही.

तिसरा दिवस : मुरूड आणि दापोली

सकाळी दापोलीच्या बाजारातून सहा चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची लाल वायर सात मीटर घेतली. त्याबरोबर तांब्याचे लग (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची, बोल्टखाली आवळता येणारी कडी), फ्यूजची नवी खाच आणि क्रिंपिंगचा पक्कड घेतला. दुकानदार जाड एकसंध तारेची वायर स्वस्तात देत होता. पण गाडीच्या सततच्या हादऱ्यांनी ती सांध्यापाशी तुटते, म्हणून बारीक तारांचीच वायर घ्यावी. सोल्डरिंगबाबतही माझे मत असेच आहे. सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच जागी मोडते. योग्य मापाचा लग योग्य पकडीने दाबलेला असावा आणि हाताने जोरात ओढला तरी निघू नये.

काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी आणि बांगड्या काढून ठेवल्या. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण बॅटरीच्या दोन टोकांवर धातू आडवा पडला, तर शेकडो अँपिअर वाहून तो क्षणात लालबुंद होतो. बॅटरीचे मायनस आधी सोडवले, म्हणजे पाना चुकून पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडणार नाही. दुपारी तीनपर्यंत नवी वायर फ्रिजपर्यंत पोचली. फ्रिज सुरू झाला आणि चालू राहिला. संध्याकाळपर्यंत तो ६ अंशांवर आला आणि इन्सुलिन पुन्हा आत गेले.

रात्री तीन वाजता मला जाग आली ती शांततेमुळे. फ्रिज बंद होता आणि लाल दिवा तसाच एकेकदा लुकलुकत होता. नंतर उलगडा झाला तो असा : दिवसा सौर पॅनेलमुळे बॅटरीवर १३.६ व्होल्ट होते, त्यामुळे वाटेत गळूनही फ्रिजला पुरेसे मिळत होते. प्रवासात अल्टरनेटरनेही हेच केले होते आणि म्हणून पहिल्या दिवशी बिघाड दिसलाच नव्हता. नव्या वायरीने पाव व्होल्ट वाचवला, त्यावर फ्रिज अर्धी रात्र चालला; बॅटरी थोडी उतरताच पुन्हा तीच सीमा आली. मी कुप्या थर्मासमध्ये हलवल्या आणि उजाडेपर्यंत जागी राहिले.

चौथा दिवस : हर्णै, दाभोळ, गुहागर

बर्फ घ्यायला सकाळी हर्णैच्या बंदरावर गेलो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, वाळूवर मासळीचा लिलाव आणि किनाऱ्याला लागलेल्या होड्या. त्यांतल्या एका होडीत एक पन्नाशीचे गृहस्थ बॅटरीच्या पेटीत वाकून वायरी बदलत होते. मी थांबून विचारले आणि त्यांनी हातचे काम बाजूला ठेवून सगळी हकिकत ऐकून घेतली. मग म्हणाले, “ताई, प्लस सगळेच बघतात, मायनस कोण बघत नाही. खारं वारं आधी मायनसलाच खातं.” आपल्या होडीतली प्रत्येक मायनस वायर थेट बॅटरीपर्यंत परत आणलेली आहे आणि प्रत्येक सांध्यावर ग्रीस आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले.

बंदराच्या वरच्या बाजूला गाडी लावून मी मायनसची वाट टप्प्याटप्प्याने मोजली. फ्रिज चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून फ्रिजच्या मायनसपर्यंत मोजले, तर १.५ व्होल्ट. ज्या बाजूला मी ०.४५ गृहीत धरले होते, त्या बाजूला खरी घट तिप्पट होती. मग वाटेचे तुकडे केले. आमच्या गाडीत मायनसचा प्रवाह चासीतून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून, बॅटरीकडे परत येतो. बॅटरीच्या मायनसपासून चासीच्या घासून उघड्या केलेल्या लोखंडापर्यंत ०.०२. फ्रिजपासून मायनसच्या पितळी पट्टीपर्यंत, जिथे सगळ्या उपकरणांच्या मायनस वायरी एकत्र येतात, ०.१. राहिला होता तो पट्टीपासून चासीपर्यंतचा सांधा आणि तिथे एकट्या जागी १.४ व्होल्ट अडकले होते.

तो सांधा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला होता. दादा ताडपत्री अंथरून गाडीखाली गेला आणि त्याच्या पाठोपाठ मी. एका दहा मिलिमीटरच्या बोल्टखाली काळी वायर दाबलेली होती. वरून पाहता तो बोल्ट घट्ट होता, पाना लावला तरी हलला नाही. बोट टेकवले तर आजूबाजूचे लोखंड गार आणि हा बोल्ट कोमट. ५ अँपिअर आणि १.४ व्होल्ट म्हणजे ७ वॅट उष्णता तिथे बसून वाया जात होती. बोल्ट सोडवल्यावर खाली चासीचा काळा रंग जसाच्या तसा निघाला, म्हणजे जोडणाऱ्याने रंग खरवडलाच नव्हता आणि सारा प्रवाह बोल्टच्या आट्यांमधून जात होता. त्या आट्यांत तांबूस गंजाची पूड होती, लगवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि वायरीचे वेष्टण दोन बोटे सोलून पाहिले, तर आतल्या तारा काळवंडलेल्या होत्या. खारट ओल तारांच्या फटींमधून आतपर्यंत शिरली होती.

आता दिव्यांचेही कोडे सुटले. दिवे आणि पंप यांचे प्लस वेगवेगळ्या फ्यूजवरून जाते, त्यामुळे पंपाने दिव्यांवर परिणाम करण्याचे प्लसच्या बाजूला काही कारणच नव्हते. दोघांत सामायिक होता तो हा एकच बोल्ट. पंपाचा प्रवाह त्यातून जाऊ लागला की तिथली घट वाढे आणि दिवे, फ्रिज अशा सगळ्यांच्याच वाट्याचे व्होल्टेज कमी होई. एक उपकरण चालू करताच दुसरे मंदावते, तेव्हा दोघांची सामायिक वाट शोधावी. हा विचार मी पहिल्या संध्याकाळी केला असता, तर थेट या बोल्टापाशी आले असते.

वायरीचा काळवंडलेला भाग लखलखीत तांबे लागेपर्यंत कापला आणि नवा लग दाबला. आईने तांब्याच्या भांड्यांप्रमाणे चिंचेने घासायचे सुचवले. चिंचेने तांबे उजळते यात शंका नाही, पण तिचे आम्ल सांध्यात मागे राहिले, तर महिन्याभरात गंज पुन्हा धरतो. म्हणून पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश यांवरच काम भागवले. चासीवरचा रंग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घालून नवा बोल्ट आवळला आणि धातूला धातू पक्का भिडल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासली. जेली आधी नको, सांधा आवळून झाल्यावर. तिचे काम हवा आणि ओल बाहेर ठेवण्याचे आहे.

फ्रिज सुरू करून त्या सांध्यावर मोजले. आकडा आला ०.०३ व्होल्ट. बॅटरीवर १२.३ आणि फ्रिजपाशी जवळजवळ १२ व्होल्ट. आईला नळ सोडायला सांगितले. पंप सुरू झाला आणि दिवे तसेच राहिले. ती दोन-तीनदा नळ सोडून, बंद करून वर बघत राहिली. परत बंदरावर जाऊन मी त्या गृहस्थांना आकडे सांगितले. त्यांनी मान हलवली आणि नवी मायनस वायर चासीवर न सोडता पट्टीपासून थेट बॅटरीपर्यंत न्यायला सांगितले. त्यांचे म्हणणे योग्य आहे. त्यासाठी सोळा चौरस मिलिमीटरची वायर लागेल आणि ते काम पुण्याला परतताच करायचे ठरवले आहे.

दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो आणि दिवेलागणीला गुहागर गाठले. व्याडेश्वराचे दर्शन घेऊन आल्यावर मी वहीत रात्री दहाचा आकडा लिहिला : बॅटरी १२.३, फ्रिज ५ अंश.

पाचवा दिवस : गुहागर, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे

सकाळी सहाला फ्रिज ४ अंशांवर होता आणि बॅटरी १२.१ वर आली होती. फ्रिज रात्रभर चालला होता, त्यामुळे ही उतरण अपेक्षितच होती. दिवसाच्या उन्हात ती भरून निघायला हवी होती.

तवसाळ ते जयगड ही तिसरी खाडी ओलांडून साडेअकराला गणपतीपुळ्याला एका माडांच्या वाडीत गाडी लावली. भर उन्हात सौर कंट्रोलर बॅटरीकडे जेमतेम २ अँपिअर सोडत होता, जिथे ८ ते ९ तरी हवे होते. कालच्या अनुभवामुळे दादाने लगेच सांधे तपासायला पाना काढला. मी आधी शिडी लावून वर पाहिले. एका झावळीची सावली पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यावर आडवी पडली होती. पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे मूठभर सेल सावलीत गेले तरी त्या साखळीतला सगळाच प्रवाह आखडतो. पॅनेलचा दहावा भाग झाकला म्हणून वीजही दहावा भागच घटेल असे होत नाही. दादाने गाडी तीन मीटर पुढे घेतली आणि कंट्रोलरचा आकडा ८.६ झाला. पॅनेलवर समुद्राच्या तुषारांचा खारट थर होता, तो गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसला, तेव्हा आणखी थोडा वाढला.

दुपारी तीनपर्यंत बॅटरी १४.४ व्होल्टवर पोचली आणि प्रवाह हळूहळू उतरू लागला, म्हणजे ती भरत आली होती. संध्याकाळी देवळातून आल्यावर मी गाडीखाली जाऊन त्या बोल्टवर पुन्हा बोट ठेवले. आत फ्रिज आणि पंखा दोन्ही चालू होते. बोल्ट चासीइतकाच गार होता. आईने थर्मास धुऊन खिडकीत पालथा घातला.